बर्डेट ते लास क्रूसेस: क्लाइड टॉम्बॉ यांच्या वाटेवरचे सात दिवस

पहिला दिवस: बर्डेट, कॅन्सस

प्लूटोचा शोध लावणाऱ्या क्लाइड टॉम्बॉ यांचे नाव निघाले की शेतकऱ्याचा मुलगा, शोध लागेपर्यंत महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेला आणि केवळ नशिबाने ग्रह सापडलेला, अशी त्यांची ओळख करून दिली जाते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असल्या तरी तिसरी मला नेहमीच खटकत आली आहे. म्हणून या वेळी त्यांचे आयुष्य ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने त्या ठिकाणी जाऊन यावे, असे ठरवून मी फेब्रुवारीच्या ऐन थंडीत डॉज सिटीहून मोटारीने निघालो आणि तासाभराने बर्डेटला पोहोचलो.

गाव अगदी लहान आहे. धान्याच्या कोठाराचे उंच मनोरे दुरूनच दिसू लागतात, त्यांच्या पायथ्याशी थोडी घरे आहेत आणि चहूबाजूंना क्षितिजापर्यंत गव्हाची सपाट शेते पसरलेली आहेत. टॉम्बॉ यांचा जन्म मात्र इथला नव्हे. ४ फेब्रुवारी १९०६ रोजी इलिनॉय राज्यातल्या स्ट्रीटर या गावी ते जन्मले, सहा भावंडांत थोरले होते आणि १९२२ मध्ये कुटुंब शेतीसाठी इकडे आले. गावात त्यांच्या नावाचा फलक आहे. तो वाचायला दोन मिनिटे पुरतात. त्यानंतर मात्र मी बराच वेळ आकाशाकडे पाहत उभा राहिलो, कारण इथे झाड, टेकडी, इमारत असे आकाशाच्या आड येणारे काहीच नाही, आणि रात्रीचा काळोख इतका दाट की त्यांच्या आकाशाच्या आवडीचे मूळ वेगळे शोधायची गरज पडू नये.

आवडीच्या पुढचे काम मात्र आकाशाने केले नाही, हातांनी केले. विकतच्या लहान दुर्बिणीने समाधान होईना म्हणून टॉम्बॉ यांनी १९२६ पासून स्वतःच आरसे घासायला सुरुवात केली. पहिला आरसा मनासारखा झाला नाही. आरशाचा पृष्ठभाग तपासताना हवा स्थिर आणि तापमान एकसारखे असावे लागते, नाहीतर हवेच्या हालचालीमुळे दिसणारा दोष आरशाचा आहे की हवेचा हे कळत नाही. त्यासाठी त्यांनी शेतात कुदळ-फावड्याने सुमारे २४ फूट लांबीचे तळघर खणले. घरच्यांना ते वादळात आसऱ्यासाठी आणि भाजीपाला साठवण्यासाठी उपयोगी पडेल, या सबबीवर खणण्याची परवानगी मिळाली होती. त्या तळघरात तपासून १९२८ मध्ये त्यांनी नऊ इंची आरशाची दुर्बीण पुरी केली. तिच्या बैठकीत १९१० सालच्या ब्यूक मोटारीचा भाग होता आणि दुधातून साय वेगळी काढणाऱ्या यंत्राचेही भाग होते. पुढे अनेक वर्षांनी एका राष्ट्रीय संग्रहालयाने ती दुर्बीण मागितली तेव्हा ‘मी ती अजून वापरतो आहे’ या कारणाने त्यांनी ती दिली नाही.

त्याच वर्षी गारपिटीने उभे पीक झोपवले आणि महाविद्यालयात जाण्याचा विचार मागे पडला. या दुर्बिणीतून पाहून काढलेली मंगळ आणि गुरूची रेखाचित्रे टॉम्बॉ यांनी फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेकडे पाठवली, ती नोकरीसाठी नव्हे, तर जाणकारांचा अभिप्राय मिळावा म्हणून. वेधशाळेला त्या वेळी नव्या दुर्बिणीवर रात्र-रात्र काम करील असा माणूस हवाच होता. संचालक व्ही. एम. स्लायफर यांनी उलट टपाली त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली आणि गरम न केलेल्या घुमटात रात्री काम करणे झेपेल का, असे विचारले. ज्याने हिवाळ्यात शेतावर गुरे सांभाळली होती, त्याला हा प्रश्न फारसा अवघड वाटला नसावा.

दुसरा दिवस: साउथवेस्ट चीफ

डॉज सिटीहून साउथवेस्ट चीफ ही गाडी पहाटे निघते आणि रात्री फ्लॅगस्टाफला पोहोचते. ती ज्या मार्गाने जाते तो पूर्वीच्या सँटा फे रेल्वेचा मार्ग असून जानेवारी १९२९ मध्ये टॉम्बॉही रेल्वेनेच फ्लॅगस्टाफला गेले होते. कॅन्ससचे सपाट मैदान, मग कोलोरॅडोचा कोरडा माळ, त्यानंतर रॅटन खिंडीतून न्यू मेक्सिकोत उतार आणि संध्याकाळी लाल खडकांचा प्रदेश, एवढे वर्णन पुरे. डोंगर कधी जवळून न पाहिलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला तो प्रवास केवढा वाटला असेल, एवढाच विचार खिडकीशी बसून दिवसभर करता येतो. स्थानकावर त्यांना घ्यायला स्वतः स्लायफर आले होते. सर्पिल तेजोमेघांच्या वर्णपटांतून त्यांचे वेग मोजणारा हा मोठा संशोधक. पण त्या दिवशी तो केवळ नव्या मदतनिसाला घ्यायला आलेला यजमान होता.

तिसरा दिवस: मार्स हिल

फ्लॅगस्टाफच्या मुख्य रस्त्यावरून पाहिले तर पश्चिमेला पाइन वृक्षांनी भरलेली टेकडी दिसते. पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये इथे वेधशाळा उभारली, मंगळाच्या वेडापायी टेकडीलाच मार्स हिल हे नाव पडले, आणि आता लॉवेल यांची समाधीही इथेच, त्यांच्या २४ इंची क्लार्क दुर्बिणीच्या घुमटाशेजारी आहे. युरेनसच्या गतीतल्या बारीक तफावतींवरून नेपच्यूनच्या पलीकडे एखादा मोठा ग्रह असावा, असे गणित लॉवेल यांनी मांडले होते. त्याला त्यांनी ‘प्लॅनेट एक्स’ म्हटले, शोधासाठी वर्षानुवर्षे छायाचित्रे काढवली आणि १९१६ मध्ये ते वारले. त्यांच्या पश्चात संपत्तीवरून कज्जा झाला, शोध थांबला, आणि पुढे त्यांच्या भावाच्या देणगीतून तेरा इंची भिंगाची एक छायाचित्रण-दुर्बीण तयार झाली. टॉम्बॉ यांना बोलावले होते ते या दुर्बिणीसाठी.

तिचा घुमट टेकडीच्या एका बाजूला झाडांत आहे. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती थंडी. बाहेरची आणि आतली हवा एकसारखी नसेल तर चित्र थरथरते, म्हणून इथे शेकोटीला जागा नाही. मी दिवसा, जाड कोट घालून, वीस मिनिटे उभा राहिलो आणि बोटे बधिर झाली. टॉम्बॉ एकेका काचेच्या प्लेटवर तासभर प्रकाश घेत, आणि त्या पूर्ण तासात दुर्बिणीला जोडलेल्या दुसऱ्या नळीतून एक मार्गदर्शक तारा तारेच्या फुलीवरून हलू न देता धरून ठेवत. प्लेट १४ बाय १७ इंचांची असे. रात्री हे काम, दुपारी पाहुण्यांना वेधशाळा दाखवणे, हिवाळ्यात भट्टीत लाकडे घालणे आणि घुमटावरचा बर्फ काढणे, हे सगळे त्यांच्याकडेच होते.

आता खरी गोष्ट. सुरुवातीला प्लेट तपासण्याचे काम वरिष्ठ मंडळी करत होती. एप्रिल १९२९ मध्ये मिथुन राशीची जी छायाचित्रे निघाली त्यांत प्लूटो होता. पण तपासणी घाईत झाली आणि तो कुणाला दिसला नाही. खुद्द लॉवेल हयात असताना, १९१५ च्या दोन प्लेटांवरही तो पुसटसा उमटला होता, हे शोधानंतर लक्षात आले. म्हणजे ग्रह प्लेटवर येणे पुरेसे नव्हते. जूनमध्ये तपासणीचे काम टॉम्बॉ यांच्या गळ्यात पडले तेव्हा त्यांनी ते सुरू करण्याआधी पद्धतच बदलली, आणि माझ्या मते त्यांची खरी प्रतिभा इथे दिसते.

दूरच्या ग्रहाची खूण म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत अगदी थोडे सरकणे. पण मंगळ-गुरूमधले लघुग्रहही, वक्री होण्याच्या किंवा पुन्हा मार्गी होण्याच्या सुमारास जवळपास थांबल्यासारखे दिसतात आणि दूरच्या ग्रहाचे सोंग घेतात. असे शेकडो तोतये प्लेटांवर असत. टॉम्बॉ यांनी ठरवले की आकाशाच्या प्रत्येक भागाचे छायाचित्र तो भाग सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत असतानाच घ्यायचे. त्या वेळी पृथ्वी बाहेरच्या ग्रहाला मागे टाकत असते, त्यामुळे जे काही सरकताना दिसते ते मुख्यतः पृथ्वीच्या स्वतःच्या गतीमुळे. जितकी वस्तू जवळ तितके सरकणे जास्त. जितकी दूर तितके कमी. लघुग्रह लगेच ओळखू येतात आणि सरकण्याच्या लांबीवरून अंतराचा अंदाजही तिथल्या तिथे येतो. प्लेटवरचे डाग आणि कमीजास्त होणारे तारे वगळण्यासाठी प्रत्येक भागाची तिसरी प्लेटही घ्यायची, हा दुसरा नियम. धावत्या आगगाडीतून पाहताना जवळचे खांब झपाट्याने मागे जातात आणि दूरचा डोंगर सोबत चालल्यासारखा वाटतो, हे आपण सगळेच पाहतो. पण ते शोधाच्या वेळापत्रकात बसवायला शेतीचे वेळापत्रक पाळलेला माणूस लागला.

तपासणीचे यंत्र म्हणजे ब्लिंक कंपॅरेटर. दोन रात्रींच्या दोन प्लेटा शेजारी-शेजारी लावायच्या आणि नेत्रिकेतून पाहताना खटका पाडून एकदा ही, एकदा ती अशा आलटून-पालटून दाखवायच्या. तारे जागच्या जागी राहतात, हललेली वस्तू मात्र टुणकन इकडून तिकडे उडी मारते. एका वेळी प्लेटचा अगदी लहान तुकडा दिसतो आणि आकाशगंगेच्या पट्ट्यात एका प्लेटवर लाखो तारे असतात. हे यंत्र पाहताना माझ्या शेजारी उभे असलेल्या एका गृहस्थांनी ‘हे काम आता संगणक क्षणात करील’ असे म्हटले. ते खरेच आहे, आणि त्यामुळेच या लोखंडी यंत्रासमोर दिवसाचे सहा-सात तास बसलेल्या माणसाची कल्पना करणे आपल्याला जड जाते.

१८ फेब्रुवारी १९३० च्या दुपारी, सुमारे चार वाजता, २३ आणि २९ जानेवारीच्या प्लेटा पाहताना, मिथुनेतल्या डेल्टा ताऱ्याजवळ एक पंधराव्या प्रतीचा, म्हणजे अतिशय मंद ठिपका उडी मारताना त्यांना दिसला. सहा दिवसांत तो साडेतीन मिलिमीटर सरकला होता; म्हणजे नेपच्यूनच्याही पलीकडचा. त्यांनी लगेच आरोळी ठोकली नाही. तिसरी, २१ जानेवारीची, वाऱ्यामुळे बिघडलेली प्लेट काढून ठिपका योग्य जागी आहे का ते पाहिले, मोजमाप केले, मग समोरच्या खोलीतले सहकारी खगोलशास्त्रज्ञ लॅम्पलँड यांना बोलावले आणि शेवटी संचालकांच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या रात्री आभाळ भरून आले होते. नवा ग्रह पुन्हा पाहता येत नाही म्हटल्यावर चोवीस वर्षांचे टॉम्बॉ गावात उतरले, टपाल घेतले आणि सिनेमा पाहायला गेले.

घोषणा १३ मार्चला, लॉवेल यांच्या पंचाहत्तराव्या जन्मदिनी झाली. प्लूटो हे नाव ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या व्हेनिशिया बर्नी हिने सुचवले; इंग्रजीत त्याची पहिली दोन अक्षरे (पी, एल) पर्सिव्हल लॉवेल यांचीही आद्याक्षरे होती, हा योग वेधशाळेला आवडला नसता तरच नवल. गंमत अशी की लॉवेल यांच्या गणिताशी या ग्रहाचा संबंधच नव्हता. त्यांचा ‘एक्स’ पृथ्वीच्या सहा-सात पट वजनाचा असायला हवा होता. युरेनसच्या गतीतली ती तफावतही पुढे व्हॉयेजर-२ यानाने १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून जाऊन त्याच्या वस्तुमानाचा आकडा सुमारे अर्ध्या टक्क्याने दुरुस्त केल्यावर नाहीशी झाली. प्लूटो भाकितापासून सहा अंशांच्या आत सापडला, तो योगायोग. नशिबाचाच हिशेब मांडायचा तर तो लॉवेल यांच्या खात्यात मांडावा लागेल. टॉम्बॉ आकाशाचा तुकडा न् तुकडा तपासत होते, त्यांना तो आज नाही तर काही महिन्यांनी सापडलाच असता.

चौथा दिवस: फ्लॅगस्टाफ आणि उल्काविवर

सकाळी शहराच्या पश्चिमेकडून जाताना अमेरिकन नौदलाच्या वेधशाळेची टेकडी लांबून पाहिली. जून १९७८ मध्ये जेम्स ख्रिस्टी यांनी इथल्या दुर्बिणीने घेतलेल्या प्लेटांवर प्लूटोच्या प्रतिमेला आलेला टेंगळासारखा फुगवटा पाहिला आणि त्यातून शॅरन हा उपग्रह सापडला. त्याच्या प्रदक्षिणेवरून प्लूटोचे वस्तुमान पहिल्यांदा नीट काढता आले आणि ते पृथ्वीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास निघाले. ग्रह आणि त्याचा उपग्रह एकाच गावच्या दोन टेकड्यांवरून सापडावेत, हे मला फार आवडते. फ्लॅगस्टाफने १९५८ मध्येच सर्चलाइटवर बंदी घालून आपला काळोख जपला आणि २००१ मध्ये ते जगातले पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ शहर ठरले, याचा या टेकड्यांशी थेट संबंध आहे.

शोधानंतर टॉम्बॉ यांचे काय झाले, हे सहसा कुणी विचारत नाही. १९३२ मध्ये ते शिष्यवृत्तीवर कॅन्सस विद्यापीठात पहिल्या वर्षाला दाखल झाले. ग्रह शोधलेल्या माणसाने खगोलशास्त्राच्या प्राथमिक वर्गात बसणे बरे दिसणार नाही, म्हणून प्राध्यापकांनी त्यांना तो वर्ग घेऊ दिला नाही. १९३४ मध्ये पॅट्रिशिया एडसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उन्हाळ्यात ते मार्स हिलवर परतत आणि शोध पुढे चालू ठेवत. १९४३ पर्यंत त्यांनी कंपॅरेटरसमोर सुमारे सात हजार तास घालवले आणि सुमारे नऊ कोटी तारकाप्रतिमा नजरेखालून घातल्या. त्यात त्यांना शेकडो लघुग्रह, काही तारकागुच्छ आणि एक धूमकेतू मिळाला, पण दुसरा ग्रह मिळाला नाही. त्यांच्या दुर्बिणीच्या आवाक्यात तसा ग्रह नाही, हे ठामपणे सांगण्याचा अधिकार मात्र मिळाला. शोध लागल्यावर तेरा वर्षे तेच काम करत राहणे, हे मला १८ फेब्रुवारीच्या दुपारपेक्षा मोठे वाटते.

दुपारी शहरापासून पूर्वेला सुमारे साठ किलोमीटरवर असलेले उल्काविवर पाहिले. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी लोखंडी अशनी आदळून झालेला हा खड्डा १.२ किलोमीटर रुंद आणि १७० मीटर खोल आहे. काठावर वारा इतका होता की टोपी हातात धरावी लागली. इथे थांबण्याचे कारण असे की, मंगळावरही अशी आघातविवरे असली पाहिजेत, असे टॉम्बॉ यांनी १९५० च्या सुमारास मांडले होते. १९६५ मध्ये मरिनर-४ यानाच्या छायाचित्रांत ती दिसली. लॉवेल यांना मंगळावर दिसलेल्या कथित कालव्यांच्या आठवणीत, मार्स हिलवर वाढलेल्या माणसाचे हे मत होते, हे लक्षात घ्यावे.

पाचवा दिवस: रस्ता

फ्लॅगस्टाफ ते लास क्रूसेस सुमारे सातशे किलोमीटर. सबंध दिवस गाडीत गेला. वाटेत सॅन ऑगस्टिनच्या मैदानात ‘व्हेरी लार्ज ॲरे’च्या पंचवीस मीटर व्यासाच्या पांढऱ्या रेडिओ-तबकड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभ्या दिसल्या. काल पाहिलेल्या लोखंडी यंत्रानंतर त्या पाहणे थोडे विचित्र वाटले. रात्री उशिरा लास क्रूसेसला पोहोचलो.

सहावा दिवस: व्हाइट सँड्स

१९४६ मध्ये टॉम्बॉ यांना लॉवेल वेधशाळा सोडावी लागली. ग्रहाचा शोध नावावर असलेला चाळीस वर्षांचा माणूस नव्याने नोकरी शोधत होता. ती मिळाली व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रात, जिथे त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनांकडून हाती आलेल्या व्ही-२ अग्निबाणांची पहिली उड्डाणे सुरू झाली होती. अग्निबाण वर जाताना कुठे डगमगतो, केव्हा वळतो, कुठे फुटतो, हे जमिनीवरून टिपायला लांब पल्ल्याच्या दुर्बिणी आणि त्यांना जोडलेले कॅमेरे लागत. आकाशातला ठिपका हलू न देता धरून ठेवण्याची सवय इथे कामी आली. फरक एवढाच की इथला ठिपका मिनिटाभरात नजरेआड होत होता.

सॅन ऑगस्टिन खिंड ओलांडून खाली उतरताना रस्ता बंद असल्याचे कळले. चाचणी चालू असेल तेव्हा हा महामार्ग थोडा वेळ बंद ठेवतात. तासभर गाड्यांची रांग उभी राहिली, लोक उतरून गप्पा मारू लागले आणि मी समोरच्या खोऱ्याकडे पाहत राहिलो. चाचणी दिसली नाही, आवाजही आला नाही. मग पुढे जाऊन जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या पाहिल्या. ऊन असूनही ती वाळू पायांना गार लागते.

या काळातले त्यांचे आणखी एक काम फारसे ठाऊक नाही. कृत्रिम उपग्रह सोडण्यापूर्वी पृथ्वीभोवती लहान नैसर्गिक उपग्रह फिरत असतील तर ते धोक्याचे ठरतील, म्हणून १९५३ पासून त्यांनी त्यांचा पद्धतशीर शोध घेतला, त्यासाठी विषुववृत्तावरच्या इक्वेडोरमध्येही निरीक्षणे झाली आणि काही सापडले नाही. पुन्हा एकदा ‘नाही’ हेच उत्तर, आणि पुन्हा एकदा ते खात्रीने देता यावे म्हणून अनेक वर्षांचे काम.

सातवा दिवस: लास क्रूसेस

१९५५ मध्ये टॉम्बॉ न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठात आले आणि १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले. ग्रहांची रोजच्या रोज छायाचित्रे घेऊन मंगळावरची वादळे आणि गुरूचे बदलते पट्टे यांची अनेक वर्षांची नोंद ठेवायची, हा कार्यक्रम त्यांनी उभा केला. एका रात्रीच्या उत्तम चित्रापेक्षा हजार रात्रींची सलग मालिका जास्त सांगते, हा त्यामागचा विचार मार्स हिलवरूनच आलेला होता. त्यांच्याबरोबर काम केलेले ब्रॅडफर्ड स्मिथ पुढे व्हॉयेजर यानांच्या छायाचित्रण गटाचे प्रमुख झाले. विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या नावाची लहानशी वेधशाळा आहे. दिवसा ती बंद होती, बाहेरूनच पाहिली. वयाच्या ऐंशीनंतर ते तरुण संशोधकांच्या निधीसाठी देशभर व्याख्याने देत हिंडले, आणि १७ जानेवारी १९९७ रोजी याच गावात वारले.

त्यांच्या हयातीतच, १९९२ मध्ये, डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक वस्तू सापडली, मग त्यांची रीघ लागली, आणि २००६ मध्ये प्लूटो बटुग्रह ठरला. त्याच वर्षी जानेवारीत प्लूटोकडे न्यू होरायझन्स यान निघाले होते आणि त्यात टॉम्बॉ यांची थोडी रक्षा ठेवलेली होती. १४ जुलै २०१५ रोजी ते यान प्लूटोपासून सुमारे १२,५०० किलोमीटरवरून गेले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांतल्या हृदयाच्या आकाराच्या फिकट प्रदेशाला आता टॉम्बॉ यांचेच नाव आहे.

संध्याकाळी गावाच्या पूर्वेच्या टॉर्टुगास टेकडीच्या पायथ्याशी गेलो. विद्यापीठाची ग्रहनिरीक्षणाची दुर्बीण याच टेकडीवर होती. अंधार पडल्यावर पूर्वेला पुनर्वसूचे दोन तारे वर आले होते. त्यांच्यापासून थोडे दूर, मृगाच्या बाजूला, डेल्टा तारा शोधला. गावाचा उजेड असूनही तो नुसत्या डोळ्यांना दिसला. प्लूटो आता तिथे नाही. शोधापासून आजवर तो मिथुनेतून निघून निम्म्याहून अधिक आकाश ओलांडून मकर राशीत गेला आहे, आणि या दिवसांत सूर्याच्या इतका जवळ असतो की दुर्बिणीतूनही दिसणे कठीण. २४८ वर्षांची एक फेरी पुरी करून या ताऱ्याजवळ तो परत येईल २१७८ मध्ये. सकाळचे विमान होते, म्हणून साडेआठच्या सुमारास मी गाडीकडे वळलो.